मनकवडे जावईबापू

८ मे

पोरगी आली. फोन न्हाई, निरोप न्हाई. दुपारच्या एस्टीनं उतरली, ऊन नुसतं मी म्हणायलंय, अन् हातात एकच पिशवी. मी वसरीत अनारशाचे तांदूळ निवडत बसले होते. म्हणलं, "अगं माय, अशी अचानक? जावईबापू कुठं हायेत?" तर म्हणली, "आदी पाणी दे." पाणी पिली, तिथंच उंबऱ्यापाशी बसली अन् म्हणली, "आई, मी आता मानवतला परत जाणार न्हाई."

डावं मनगट सुजलंय. इचारलं तर म्हणली, दारात सापडलं. मी हळद लावली. मग तिनं मला शपथ घातली, "मी इथं हाय ते त्याला सांगू नको." नवऱ्याला अरेतुरे करायली!

मी कुणाला सांगणार बाई? वैष्णवीचे पप्पा गेल्यापासून ह्या घरात मी अन् तू, दोघंच. तू म्हणजे हा फोन. अंगणवाडीत होते तवा रोजचा अहवाल लिहायची सवय होती. रिटायर झाले अन् ती सुटली. मग अनारशाच्या धंद्यासाठी म्हणून जावईबापूंनी हा फोन घेऊन दिला. त्यांचं मोबाईलचंच दुकान हाय. खातं त्यांनीच काढलं, पासवर्ड त्यांनीच टाकला, व्हॉट्सअॅपवर ऑर्डर कशी घ्यायची तेबी त्यांनीच शिकवलं. म्हणले, "मामी, ह्या पानावर नुसतं बोलायचं, आपोआप उमटतंय." ऑर्डरी बोलता बोलता मी माझंबी बोलायला लागले. तू मधे टोकत न्हाईस, तेवढंच बरं वाटतंय.

खरं सांगू? पोरीची कीव आली अन् रागबी आला. धोंड्याचा महिना तोंडावर हाय. तीन वर्षांनी एकदा येतोय, घरोघर लेक-जावयाला जेवायला बोलवत्यात, जावयाला अनारशाचं वाण देत्यात. अन् नेमकं त्याच महिन्याला माझी लेक नवरा सोडून आली. साऱ्या गंगाखेडच्या जावयांना माझे अनारसे जाणार अन् माझ्या घरचा पाट रिकामा. लोक काय म्हणतील, हेच आधी मनात आलं. वाईट वाटलं, पण आलं.

९ मे

सकाळी तोंड धुवायच्या आत जावईबापूंचा फोन. "मामी, वैष्णवी पोचली ना नीट? काही न्हाई, फिकीर वाटली." मी हो म्हणलं. जावयाशी खोटं बोलायला जीभ उचलंना.

पोरीनं ऐकलं. "तू सांगितलंस!" म्हणून अंगावर आली. मी तुपाच्या डब्यावर हात ठेवून शपथ घेतली. तरी तिचा इस्वास बसला न्हाई. अगं, बायको माहेरी न्हाई तर कुठं जाईल, एवढं त्यांना कळत न्हाई का?

१४ मे

ह्या माणसाला काय म्हणावं! परवा मी तुला म्हणले होते का न्हाई, कूलरची मोटर गेली, पोरगी उकाड्यानं बेजार झाली, मेकॅनिक काही येईना. आज सकाळी मेकॅनिक दारात. "मानवतहून जीवनभाऊंचा फोन होता, मामींचा कूलर बघून या म्हणले." मी तर तोंडात बोटच घातलं. मनकवडे हायेत जावईबापू. पोटचा लेक असता तरी एवढं केलं नसतं.

वैष्णवी कूलरसमोर बसली न्हाई. दिवसभर आतल्या खोलीत घामानं निथळत पडली. संध्याकाळी मी चिडले, म्हणलं, "अगं, एवढा जीव लावणारा नवरा नशिबानं मिळतोय." मग ती बोलली. दुकानाला जाताना बाहेरून कडी लावतोय म्हणली. तिचा फोन रोज हातात घेऊन बघतोय, कुणाशी बोलली, किती वेळ बोलली. मनगट दारात सापडलं न्हाई, त्यानं पिरगाळलं, ती सुकेशनीशी बोलत होती म्हणून. सुकेशनी म्हणजे तिची शाळेपासूनची जोडीदारीण, एका डब्यात जेवायच्या दोघी. आता परभणीला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवती.

मी ऐकून घेतलं. काहीकाही माणसं काळजीपोटी जरा जास्तच करत्यात, असं मी म्हणाले. पोरीनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून तांदळाचं पाणी बदलायला गेले.

१७ मे

धोंडा लागला. पहाटेपासून बायका गोदागंगेवर न्हायला चालल्यात, येताना माझ्या दारात थांबत्यात, अनारसे घेत्यात अन् वरून इचारत्यात, "तुमचे जावई कवा येणार?" मी म्हणते, येतील, दुकानातून सवड झाली की येतील. शेजारच्या चांगुणाबाईंनी तर खिडकीतून आत वाकून बघितलं. ह्या बाईला आमच्या घराचा लय कळवळा.

आज पहिला घाणा बिघडला. सगळे अनारसे तुपात हसले, खसखस वेगळी अन् पीठ वेगळं. मन थाऱ्यावर नसलं की असंच होतंय.

पण एक चांगली खबर हाय. वैष्णवीला नांदेडच्या एका लॅबनं मुलाखतीला बोलवलंय, बुधवारी सकाळी. रक्त-लघवी तपासायचा कोर्स लग्नाआधीच झाला होता, कागद तसाच पेटीत पडून होता. किती दिवसांनी पोरीनं केसाला तेल लावून घेतलं माझ्याकडून! मला म्हणली, "आई, ह्या कानाचं त्या कानाला कळू देऊ नको." लॅब कुठं हाय ते मला सांगितलं, मोठ्या दवाखान्याच्या मागची गल्ली. मी कुण्णाला बोलणार न्हाई. तुला सांगितलं तेवढंच, अन् तू काय माणूस थोडीच हायस.

२० मे

कसं सांगू.

लॅबच्या पायरीवर जावईबापू उभे होते. हातात पेढ्याचा पुडा. हसून म्हणले, "शुभेच्छा द्यायला आलो." ते तिच्याबरोबर आत गेले, डॉक्टरीणबाईला म्हणले, "हिला डोक्याच्या गोळ्या चालू हायेत, संभाळून घ्या." एवढ्या गोड आवाजात म्हणले म्हणं की बाईला खरंच वाटलं. कळवतो म्हणाल्या. काय कळवत्यात आता.

वैष्णवी घरी आली तवा तोंडावर रक्त नव्हतं. मला नुसती म्हणली, "तुझ्याशिवाय कुणाला म्हाईत नव्हतं." मी रडले, ओरडले, देवाच्या फोटोसमोर उभी राहिले. पोरीनं दार लावून घेतलं.

जावईबापू नांदेडला दुकानाचा माल आणायला जात असत्यात. नजरेला पडली असंल. न्हाईतर कसं कळणार? पण पेढे? माल आणायला गेलेला माणूस पेढे काहून घेईल, हे काही डोक्यातून जाईना.

२४ मे

चार घास करून ठेवले की पोरगी खाती, न्हाईतर न्हाई. माझ्याशी बोलणं न्हाईच. एका घरात दोन बायका अन् आवाज फक्त झाऱ्याचा.

कालपासून माझ्या छातीत डाव्या अंगाला कळ येतीय. तिला सांगितलं न्हाई. तिचं तिला हाय तेवढं बास. तुलाच सांगते.

अन् आणखी एक मनातलं सांगते. मी थकलेय. एकदा जावईबापू येऊन हात जोडून म्हणले असते, मामी, चुकलं माझं, लेकरू समजून पदरात घ्या, तर मी पोरीची समजूत घातली असती. माणूस चुकतंय. मनात आलं ते बोलले, आता मला नावं ठेव.

२६ मे

आले. दुपारी आले, उन्हात, चप्पल बाहेर काढून थेट माझ्या पायावर डोकं. म्हणले, "मामी, चुकलं माझं. लेकरू समजून पदरात घ्या." अगदी माझ्याच मनातले शब्द. मला हुंदकाच आला. म्हणलं, देवानंच ह्यांच्या तोंडून बोलवलं.

डोक्यावरचा पदर सावरून मी पाट मांडला. पुरणाचे धोंडे केले, तांब्याच्या ताटात अनारसे मांडून वर दिवा ठेवला, ओवाळलं, ताट हातात दिलं. वैष्णवीनं आतून कडी लावलेली. ते दारापाशी जाऊन हळूच म्हणले, "वैशू, नांदेड काय अन् मुंबई काय, तू कुठंबी जा. मी येतोच." बोलताना हसायले होते.

जाताना चप्पल घालता घालता मला म्हणले, "मामी, छातीतली कळ दाखवून घ्या. डाव्या अंगाचं दुखणं अंगावर काढू नये."

गाडी गेली तरी मी दारातच उभी. मग आत जाऊन कडीवर हात मारला. "वैष्णवी, तू जावईबापूंना माझ्या छातीचं बोललीस का?" तिनं दार उघडलं. "तुझ्या छातीत दुखायलंय? कवापासून?" तिला म्हाईतच नव्हतं. चांगुणाबाईंना म्हाईत न्हाई. डॉक्टरकडं मी गेले न्हाई.

मी तर तुलाच

२७ मे

हे मी कागदावर लिहायलेय. अंगणवाडीच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं. हात वळत न्हाई, अक्षर कोंबडीच्या पायासारखं यायलंय, येऊ दे.

काल पोरीनं सुकेशनीला बोलवून घेतलं. आज पहिल्या गाडीनं आली बिचारी, चहाबी घेतला न्हाई. माझा फोन घेतला, चार ठिकाणी दाबलं. मग माझ्याकडं वळून म्हणली, "मावशी, ह्या खात्यात दोन फोन हायेत. एक तुमचा. दुसरा आज सकाळीच उघडलाय, मानवतमधून."

मी म्हणलं, "म्हणजे?"

"म्हणजे खातं तुमचं न्हाईच, त्यांचं हाय. तुमी त्यांच्या घरात बसून बोलायलाव अन् तुमाला वाटायलंय घर आपलं हाय. तुमी काढलेला फोटो, तुमी कुठं जाताव ते, ह्या पानावर बोललेलं सगळं, जसं बोलताव तसं तिकडं दिसतंय. व्हॉट्सअॅपबी तिकडं जोडलेलं हाय."

मी म्हणलं, सगळं? म्हणली, सगळं.

कूलर. नांदेड. छाती. अन् ते पायावर डोकं ठेवून म्हणलेलं, माझंच बोलणं माझ्याच ओंजळीत परत टाकलेलं. अन् मी त्याला ओवाळलं. माझ्या ह्या हातानं ओवाळलं!

सुकेशनीनं इचारलं, पासवर्ड बदलून का घेतला न्हाई, वैष्णवी आली त्याच दिवशी? तिला कसं सांगू. जावयाला म्हणायचं, तुमी घातलेला पासवर्ड मला द्या? पाटावर बसलेल्या जावयाचं ताट ओढल्यासारखं झालं असतं ते. आमच्यात जावयाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत न्हाईत, पासवर्ड कुठला मागत्यात. ती म्हणली, "मावशी, कुलूप कुणीबी बसवून देऊ दे, किल्ली आपल्याकडंच पायजे. जावई असो न्हाईतर पोटचा लेक." सरळ बोलली, पण तिच्या डोळ्यात पाणी होतं.

वैष्णवी फोन घेऊन मागंमागं वाचत गेली. मी नको नको म्हणायले. बुधवारी सकाळी, मोठ्या दवाखान्याच्या मागची गल्ली. ते तिनं मोठ्यानं वाचलं.

"आई, मी म्हणले होते, कुणाला सांगू नको."

"मी कुणालाच सांगितलं न्हाई गं."

"खरंय. तू कुणालाच सांगितलं न्हाईस."

रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. फोन खाली ठेवला अन् भांडी घासायला गेली. त्या दुखऱ्या हातानं.

३० मे

सुकेशनी दोन दिवस राहिली. जुन्या खात्यातलं काही पुसू नका म्हणली, पुसलं तर पुरावा जाईल. सगळ्याचे फोटो काढले, कोणता फोन, कवा उघडला, कुठून उघडला. ते घेऊन आमी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं, तकरार लिहून घेतली. मला एकदाच इचारलं, "फोन कुणी चालू करून दिला?" मी खाली बघून म्हणलं, जावयानं.

नवा फोन, नवं सिम, नवं खातं. ह्या बारीला मीच दाबलं, सुकेशनीनं नुसतं बोट दाखवलं. लेकीचं नाव न्हाई, जन्मतारीख न्हाई, देवाचं नाव न्हाई, कुणालाबी सुचणार न्हाई असा लांबलचक पासवर्ड करा म्हणली. वर आणखी एक अडसर लावला, दुसऱ्या कुणी उघडायला गेलं तर माझ्या फोनवर आकडा येतोय. तो आकडा कुणी कितीबी गोड बोलून मागितला तरी द्यायचा न्हाई. मी पासवर्ड वैष्णवीच्या कानात सांगायला गेले तर तिनं मान मागं घेतली. "मला सांगू नको. तुझा तुझ्यापाशीच ठेव."

चांगुणाबाई दारात येऊन म्हणाल्या, "आमाला मेसेज आलता, लेकीचं डोकं ठिकाणावर न्हाई म्हणून अनारसे बंद, असं." अख्ख्या गावच्या गिऱ्हाइकांना गेलाय. सगळ्यांचे नंबर त्याच्याकडं होतेच की. मी बाईला वसरीत बसवलं अन् पहिल्यांदा काही न झाकता सगळं सांगितलं. बाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणली, "आमच्या जावयानंबी घेऊन दिलाय फोन." अन् आपल्या हातातल्या फोनकडं बघत राहिली.

४ जून

वैष्णवी गेली.

काल रातच्याला जेवताना म्हणली, काम मिळालंय. सुकेशनीच्या वळखीनं. मी इचारलं, कुठं? ताटात भात कालवत राहिली.

"आई, तुला सांगणार न्हाई."

"माझ्यावर इस्वास न्हाई का गं?"

"हाय. पण तू एकटी हायस. एकटं माणूस कुणाशी ना कुणाशी बोलतंच."

मी म्हणलं, आता न्हाई बोलणार, तुझ्या गळ्याची आण. तर म्हणली, "तो आला, तुझ्यापुढं रडला, पाया पडला, तर? तुला म्हाईतच नसलं म्हणजे तुझ्यावर जिम्मेदारी न्हाई." लेकरानं मलाच संभाळून घेतलं बघा. सुकेशनीच्या फोनवरून कवातरी बोलंल म्हणली. कवा, ते काही सांगितलं न्हाई.

सकाळी निघाली. मी अनारसे बांधून दिले तर तिनं डब्यावरचं माझ्या नावाचं लेबल खरडून काढलं. गावाचं नाव हाय ना त्याच्यावर. मी म्हणलं, स्टँडापर्यंत येते. म्हणली, नको. बराबरच हाय. कोणत्या एस्टीत बसली ते दिसलं असतं मला. तवा मी दाराकडं पाठ करून चुलीपुढं बसले अन् कढई चढवली. मागून तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. मी वळले न्हाई. ऑटोचा आवाज लांब जाईपर्यंत मी तुपाकडंच बघत होते. त्या घाण्यातला एकबी अनारसा बिघडला न्हाई, अन् मला त्याचाच राग आला.

५ जून

हे जुन्या फोनवर बोलायलेय. सुकेशनी नको म्हणली होती, ह्याच्यात काही बोलू नका म्हणली होती. पुरावा ठाण्यात जमा झालाय, उद्या ती येऊन ह्या फोनमधलं हे खातं काढणार हाय. त्याच्या आधी एवढंच.

जावईबापू, वाचायलाव ना? वाचा. आज तुमच्याशीच बोलायलेय. पहिल्यांदा डोक्यावर पदर न घेता बोलायलेय.

वैष्णवी गेली. मी इथं कवाच काही लपवलं न्हाई, हे तुमच्याइतकं कुणाला म्हाईत असणार? तवा खरंच सांगते. कुठं गेली ते तिनं मला सांगितलं न्हाई. तिचा नंबर माझ्याकडं न्हाई. तिला खोली कशी मिळाली, जेवली का, मनगट दुखतंय का, काही म्हाईत न्हाई. आई असून म्हाईत न्हाई.

माझ्या लेकीचं आता तुमाला जेवढं म्हाईत, तेवढंच मला.